भागरथानं जुळवलेल्या सोयरिका

"तुमच्या घरी पानी कुठून येते, बाई?"

भागरथानं मला विचारलेला हा पहिला प्रश्न. पाटी-पेन्सिलींचा गठ्ठा खाली ठेवून, शिकण्याचे फायदे काय आहेत ते मी समोरच्या बायकांना सांगायला नुकतीच सुरुवात केली होती.

"आडातून," मी म्हटलं.

"घरचा आड का गल्लीचा?"

"घरचा."

"उन्हाळ्यात आटते?"

"नाही आटत."

तिनं मान डोलावली आणि मागे बसलेल्या बायकांकडे वळून म्हणाली, "चांगलं घर हाय." तोवर माझा फळ्यावर 'अ'सुद्धा काढून झाला नव्हता.

ही गोष्ट चांद्याच्या तुरुंगातली. चंद्रपूरला तेव्हा चांदाच म्हणायचे. मी गावातल्या मुलींच्या शाळेत शिकवत होते. तुरुंगातल्या बायकांना दुपारी दोन तास लिहा-वाचायला शिकवायला कुणीतरी पाहिजे होतं. बाकीच्या शिक्षिकांना घरसंसार होते. माझं लग्न झालेलं नव्हतं, घरी वडील आणि मी. शिवाय खरं सांगायचं तर मला तुरुंग आतून बघायचा होता. जन्मठेपेची बाई सकाळी उठून काय करते, कशासाठी उठते, हे मला जाणून घ्यायचं होतं. पण तिथे गेल्यावर मी विचारायच्या आधी भागरथाच मला विचारायला लागली, आणि पुढची सगळी वर्षं बहुतेक तीच विचारत राहिली.

ती धीवराची, म्हणजे तळ्यात-नदीत मासे धरणाऱ्या लोकांतली. वडशाच्या पुढे आरमोरीच्या बाजूला आंबेटोला नावाचं गाव आहे, तिथली. उंच, हाडापेरानं मजबूत, कोपरापर्यंत हिरवं गोंदण, डावा डोळा किंचित बारीक. त्यामुळे ती साधं बघत असली तरी समोरच्याला पारखते आहे असं वाटायचं. आणि बहुतेक वेळा ती खरोखरच पारखत असायची. आधी ती नागपूरच्या मोठ्या तुरुंगात होती. चांद्याच्या बराकीत भरवशाची बाई हवी म्हणून तिला इकडे आणलं आणि बाकीच्या कैदी बायकांवर मुकादमीण केलं. "मी आत आली तवा इंग्रजाचं राज होतं," ती हसून सांगायची. "त्याईचं राज गेलं. मी इथीच हाओ."

लांब शिक्षेची ती एकटीच. बाकीच्या बायका काही महिन्यांच्या. कुणी मोहाची दारू गाळताना सापडलेली, कुणी जंगलातून लाकूड तोडून आणलेली, कुणी भांडणात कुणाचं डोकं फोडलेली. नवी बाई आली की पहिल्या संध्याकाळी भागरथा तिला रडू द्यायची. "आजचा दिवस रड," म्हणायची, "उद्या जात्यावर बसाचं हाय." दुसऱ्या दिवशी तिला न्हायला घालायची, केस विंचरून द्यायची. आणि विंचरता विंचरता चौकशी सुरू व्हायची. तू काय केलंस, हे ती कधीच विचारत नसे. गाव कोणतं, मामकूळ कोणतं, दिराला पोरं किती, थोरली सून कुठली, शेजारच्या बुढीचा नातू अजून बिनलग्नाचा आहे का, तो पितो का, पितो तर घरी येऊन झोपतो का मारतो, हे सगळं ती विचारून घ्यायची. दोन महिन्यांनी ती बाई सुटून जायची, आणि तिचं अख्खं गाव भागरथाच्या डोक्यात राहून जायचं.

त्यातूनच सोयरिका व्हायच्या.

एका गावची पोरगी, दुसऱ्या गावचा पोरगा. कुणब्याचं कुणब्यात, धीवराचं धीवरात, तेल्याचं तेल्यात; त्या बाबतीत ती कोणत्याही बुढ्यापेक्षा कडक होती. सुटणाऱ्या बाईजवळ ती निरोप द्यायची, "अमक्या गावाले जाजो, तमक्याच्या घरी पोरगी हाय, मी सांगतलं म्हनून सांगजो." पाण्याचं मात्र आधी बघायची. "सासू एक दिवस मारते, बाई. पानी रोज मारते," असं तिचं म्हणणं.

बायकांच्या बराकीवर पहाऱ्याला हमीदाबी होती. चांद्याच्या भानापेठेतली, नवऱ्याचं शिवणकामाचं दुकान. ती कपाळाला हात लावायची. "हिला काय शिकवता बाई तुम्ही? ही इथं बसून सगळा जिल्हा चालवून राह्यली!"

एकदा दुपारी मी तुरुंगाच्या फाटकाशी पोचले तर बाहेर एक बैलांची रेंगी उभी. खाली उतरलेले नवरा-नवरी, अंगाला अजून हळद, कपाळाला बाशिंगं. दोघांनी फाटकासमोर नारळ ठेवला, वाकून नमस्कार केला आणि परत रेंगीत जाऊन बसले. पहारेकरी नुसता बघतच राहिला. "काय बाप्पा," मला म्हणाला, "जेलच्या पाया पडणारे पहिल्यांदा पाह्यले." आत जाऊन मी भागरथाला सांगितलं. तिनं विचारलं, "पोरगी रडून राह्यली होती का?" मी म्हटलं, नाही, हसत होती. "मंग ठीक हाय," म्हणाली आणि पाटीवर ओळीनं 'ग' काढायला बसली. तिचा 'ग' शेवटपर्यंत उलटाच निघायचा.

तिनं माझ्यासाठीही स्थळ बघितलं होतं. जंगल खात्यातला एक कारकून. त्याच्या घरी भांडी घासणारीची बहीण बराकीत येऊन गेली होती. "पगार हाय, माय मेली हाय, घरात बोलनारं कोनी नाई," भागरथा म्हणाली. मी हसून विषय बदलला. पुढे दोन-तीन आठवडे ती माझ्याशी जरा तुटकच वागली.

हे सगळं बघून मला वाटायचं की तिनं तुरुंग पचवला आहे. पण एका उन्हाळ्यात मला निराळं दिसलं.

त्या दिवसांत एकामागून एक बायका सुटत गेल्या आणि नवी कुणी आलीच नाही. बराकीत भागरथा एकटी उरली. मी एका दुपारी गेले तर हमीदाबी दारातच म्हणाली, "उठून नाही राह्यली बाई. कालपासून पेजही घेतली नाही. दुखत-खुपत काही नाही म्हणते."

भागरथा भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी हाक मारली, ती हलली नाही. शिकवण्यात अर्थ नव्हता. उठून जाववेना, म्हणून बसून राहिले, आणि काय बोलावं ते न सुचून आमच्या गल्लीतली गोष्ट सांगायला लागले. आमच्या शेजारी दोन जावा राहायच्या. थोरलीनं कैऱ्यांचं लोणचं घातलं आणि बरणी धाकटीच्या फळीवर ठेवली. धाकटीच्या माहेरची माणसं आली आणि बरणी अर्धी झाली. थोरलीनं ती बरणी उचलून अंगणात आणली आणि सगळ्या गल्लीला दाखवली. एवढं सांगून मी थांबले.

मग भिंतीकडून आवाज आला, "मंग धाकटी काय म्हनाली?"

"धाकटी म्हणाली, लोणच्यात मीठ जास्त होतं म्हणून अर्धंच खाल्लं, नाहीतर सगळंच संपलं असतं."

भागरथाचे खांदे हलले. ती हसत होती. उठून बसली, केस मागे घेतले, हमीदाबीकडे पाणी मागितलं. "जावाजावाचं भांडन बरं असते," म्हणाली. "बोलनं हाय तवरी भांडन हाय."

"तुला जाऊ आहे?"

"हाय ना. पार्वता." आणि मग, मी काही न विचारता, तिनं सांगितलं.

"माहा नवरा तापानं गेला. पोरगी दोन वर्साची होती. माहा भासरा, नवऱ्याचा थोरला भाऊ, आन पार्वता, त्याईले लेकरू नव्हतं. तलावात नवऱ्याचा हिस्सा होता, तो भासऱ्याले पायजे होता. हिस्सा मी देऊन टाकला असता, बाई. पन तो म्हने, तू माहेरी जाय, पोरगी आमच्या घरची हाय, पोरगी इथी राहीन. माह्या हातातून वढली तिले. दाराजवळ मुसळ होतं."

हमीदाबी दुसरीकडे बघत होती.

"एकच मारलं. तो उठला नाई. मंग मी पोरगी उचलली, पार्वताच्या मांडीवर ठेवली आन पोलीसपाटलाच्या घरी जाऊन बसली."

"पार्वताच्या मांडीवर?"

"तिथी दुसरं कोन होतं?" तिनं पाणी पिऊन गडवा खाली ठेवला. "त्यानं म्हनलं तेच झालं ना. पोरगी तिथीच राह्यली."

पोरीचं नाव देवका. पार्वतानं तिला वाढवलं आणि तुझी माय मेली असं सांगितलं. त्या बाजूच्या एका बाईकडून भागरथाला ते कळलं होतं. "बरं केलं तिनं," भागरथा म्हणाली. "पोरीले मेलेली माय बरी." एवढं बोलून ती जात्याकडे गेली. दळायला काही नव्हतं, तरी जातं पुसून ठेवलं.

सगुणा आली ती त्यानंतरच्या हिवाळ्यात. वडशाजवळच्या नदीकाठच्या खरपी गावची, तीही धीवराचीच. त्या भागात हिवाळाभर मंडईचे, म्हणजे गावजत्रांचे, आणि नाटकांचे दिवस असतात, गावोगाव मांडव पडतात, गाड्या भरभरून लोक येतात. सगुणाची मोहाची दारू त्याच दिवसांत खपायची आणि पोलिसही त्याच दिवसांत फिरायचे. तिला सहा महिने झाले. जाडजूड, मोठ्या आवाजाची बाई. पहिल्या संध्याकाळी ती रडलीच नाही, तेव्हाच भागरथानं तिच्याकडे नीट बघून घेतलं असावं.

तिला मोठा मुलगा होता. लग्नाचा.

एरवी भागरथा नव्या बाईशी गोड बोलायची. सगुणाशी ती दुसऱ्याच दिवसापासून भांडायला लागली. पीठ जाडं दळलं म्हणून, झाडू उलटा ठेवला म्हणून, गाणं म्हटलं म्हणून. सगुणाही काही कमी नव्हती. मी फळ्याशी उभी आणि माझ्यासमोर दोघींचे आवाज चढत गेलेले. "तू कोन व मले सांगनारी?" "मी मुकादमीन हाओ." "मुकादमीन हाय त आपल्या घरची!" शेवटी मी भागरथाला बाजूला घेऊन विचारलं, "काऊन भांडतेस तिच्याशी? काय बिघडवलं तिनं तुझं?"

"पाहून राह्यलो," भागरथा म्हणाली. तिकडच्या बायका स्वतःविषयीही 'जातो, पाहतो' असंच बोलतात आणि 'ती'ला 'ते' म्हणतात. "भांडल्याबिगर सासू समजत नाई, बाई. ते भांडते, पन माय-बापाले शिव्या देत नाई. आन भांडन संध्याकाळच्या आत सपवते."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

सगुणा सुटायच्या थोडं आधी भागरथानं गोष्ट काढली. मी तिथेच होते. आंबेटोल्याला पार्वता म्हणून एक विधवा बाई आहे, तिच्या घरी पोरगी आहे, हाताला कामाची, तलाव घरासमोर, पाणी बारमाही. सगुणानं विचारलं, "पोरगी तिचीच का?"

"जावेची. तिनं वाढवली."

"माय कुठी हाय?"

"मेली," भागरथा म्हणाली, आणि सगुणाच्या वेणीची गाठ मारून टाकली.

सगुणा गेली. पावसाळा आला. त्या पावसाळ्यात भागरथाचं कशात लक्ष नव्हतं. आंबेटोल्याकडची कुणी बाई येईना. आरमोरीची एक आली, तिला काही माहीत नव्हतं. भागरथा मला विचारायची, वडशाकडून तुमच्या शाळेत कोणी बाई आली का? मी चौकशी केली, पण कुणाला काय विचारणार? पार्वतानं सगुणाला दारातूनच परत पाठवलं असेल, अशी मला भीती होती. ज्या बाईनं आपला नवरा मारला, तिनं सुचवलेल्या घरी कोण पोरगी देईल? भागरथालाही तेच वाटत असावं. ती पाटीवर रेघा मारत बसायची आणि पुसायची.

मंडईचे दिवस आले आणि सगुणा परत पकडली गेली. तिला आत येताना पाहून भागरथा उभी राहिली.

"झालं," सगुणा दारातूनच म्हणाली. "दिवाळी झाल्यावर लगन झालं."

त्या दुपारी मी पाट्या वाटल्याच नाहीत. सगळ्या बायका गोल करून बसल्या, हमीदाबीही दाराला पाठ लावून बसली. भागरथा विचारत होती आणि सगुणा सांगत होती. मांडव कशाचा घातला? जांभळीचा. हळद कोणी लावली? पार्वताच्या बहिणीनं. लुगडं कोणत्या रंगाचं? हिरवं, लाल काठाचं. जेवायला काय होतं? वरण-भात आणि तळ्यातले मासे. मासे कोणते? पोरगी निघताना रडली का? कोणाच्या गळ्यात पडून रडली?

"पार्वताच्या," सगुणा म्हणाली.

भागरथानं मान हलवली. "बरोबर हाय," म्हणाली. "मंग?"

"मंग काय. घरी आली. दुसऱ्या दिवशी माह्या पयले उठून अंगन झाडलं." सगुणानं आवाज खाली आणला. "नाक तुहंच हाय व. आन उभी राहनं बी. मी त दारातच ओळखलं."

भागरथानं विचारलं, "ओळखलं त मंग काऊन केली?"

"सहा महिने भांडलो आपन दोघी. भांडून भांडून बी जे बाई माह्या वाट्याचं पानी भरून ठेवत होती, तिच्या पोरीत काय खोट असन?"

"पार्वताले माहीत हाय का?"

सगुणानं पदरानं तोंड पुसलं. "ते म्हने, पोरगी कोनं दाखवली तुले? मी म्हनलं, जेलात एक बाई होती. तशी ते उठली. चुलीतलं लाकूड पुढं सारलं. लय येळ बोलली नाई. मी म्हनलं, आता हे मले हाकलते. मंग म्हने, म्हातारी झाली का ते? मी म्हनलं, केस पिकले. मंग म्हने, गूळ खाऊन जाय."

गूळ देणं म्हणजे सोयरीक पक्की.

भागरथानं पुढे काही विचारलं नाही. ती विचारायची थांबली, असं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. उठून ती हौदाकडे गेली आणि सकाळीच घासलेली भांडी परत घासायला बसली. हमीदाबी उठून तिच्याजवळ गेली आणि तीही राखेनं भांडी घासायला लागली.

नंतरच्या वर्षी भागरथाची शिक्षा पुरी झाली. सकाळी मी फाटकाशी गेले. हमीदाबीनं तिला आपलं एक जुनं लुगडं दिलं होतं, ते ती नेसली होती. स्टेशनापर्यंत आम्ही चालत गेलो. वाटेत एक गोष्ट माझ्या लक्षात आली. दार दिसलं की ती थांबायची. चहावाल्याच्या दुकानाला दारच नव्हतं, नुसती चौकट. तिथेही ती थांबली आणि कुणीतरी 'चल' म्हणायची वाट बघत राहिली. मी हाताला धरून आत नेलं.

"लेकीकडे जाशील ना?" मी चहा पिताना विचारलं.

"तिथी काय म्हनून जाऊ? मी पयले आंबेटोल्याले जातो."

"पार्वता तुला दारात उभं करेल?"

"नाई करन त दारासमोर बसतो." तिनं बशीतला चहा फुंकला. "बसाची सवय हाय मले."

छोटी गाडी आली. तिला मी बायकांच्या डब्यात बसवलं. गाडी हलल्यावर तिनं हात केला नाही. ती समोर बघत होती, आणि तिचा चेहरा परीक्षेला निघालेल्या मुलीसारखा दिसत होता.

दीड-दोन वर्षांनी माझी बदली वडशाच्या शाळेत झाली. तिथल्या बाजारात सगुणा मला भेटली. सुकी मासळी विकत होती. दारू सोडली का, म्हणून मी विचारलं. "मंडईच्या दिवसात नाई सोडत. बाकी सोडली," म्हणाली. तिनंच एका रविवारी मला आपल्या गाडीतून आंबेटोल्याला नेलं. देवकाचं पहिलं बाळंतपण होतं आणि ती माहेरी आली होती.

पार्वता बारीक, बुटकी बाई. तिनं मला पाट दिला, पाणी दिलं, वडशाच्या शाळेत मुली किती ते विचारलं. देवका भिंतीला टेकून बाळाला पाजत होती. नाक खरंच भागरथाचं. "माय, बाईले दूध आन चहाले," तिनं पार्वताला सांगितलं. भागरथा अंगणाच्या कडेला, पूर्वी जिथे गाय बांधत असतील त्या कोठ्यातून बाहेर आली. कोठा सारवलेला होता, आत बाज होती. मला बघून तिचा बारीक डोळा आणखी बारीक झाला. माझं लग्न झालं का, हे तिनं लगेच विचारलं. नाही म्हटल्यावर म्हणाली, "तो कारकून आता रेंजर झाला."

चहा झाल्यावर मी तिला कोठ्याजवळ गाठलं. "बोलते का ग पार्वता तुझ्याशी?"

"नाई बोलत. आल्यापासून एक शब्द नाई बोलली." आवाजात तक्रार नव्हती, एखाद्या गावची बातमी सांगावी तसं ती सांगत होती. "पयल्या दिवशी मी दारासमोर बसली. दिवसभर बसली. संध्याकाळी तिनं ताट आनून ठेवलं आन कोठ्याचं दार उघडून ठेवून घरात गेली. तवापासून इथी हाओ. बोलत नाई, पन चूल एकच हाय."

"आणि देवका?"

"बाई म्हनते मले. तिले कोनी सांगतलं नाई." तिनं देवकाकडे बघितलं. "पन तिले माहीत हाय. बाळ झालं तवा पयले पार्वताच्या हाती देलं तिनं. मंग माह्या हाती देलं. सासूले तिसऱ्यांदा."

सगुणा तिकडून ओरडली, "मी आयकून राह्यलो बरं!"

आम्ही निघालो तेव्हा ऊन कललं होतं. गाडी तळ्याच्या पाळीवरून जात होती. थोड्या वेळानं मी मागे वळून पाहिलं. दोघी जावा तळ्यात उतरल्या होत्या, लुगडी गुडघ्यांवर खोचून. एका जाळ्याचं एक टोक भागरथाच्या हातात आणि दुसरं पार्वताच्या. मध्ये पाण्याचा रुंद पट्टा. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या, पाण्याकडे बघत होत्या. कुणी कुणाला सांगितलं नाही. दोघींनी एकदमच ओढायला सुरुवात केली.